आंदणाचा बंब

पिंप्राळे, जळगाव
१८ नोव्हेंबर १९५५

सौ. अक्कास धाकट्या सुमनचा नमस्कार.

तुमची दिवाळी कशी झाली? आमची धुरात झाली. पहिल्या आंघोळीला मी नानांचा बंब पेटवला. सासूबाई अंगाला तेल लावून पाटावर बसलेल्या. पाच मिनिटांत न्हाणीतून एवढा धूर उठला की त्या तशाच तेलकट अंगानं अंगणात गेल्या आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मना पोऱ्याना सासरानी आंदणमा बंब नही, धूर दिधा शे!" शेजारच्या शेवंताबाई हसल्या. हे मात्र हसले नाहीत. गुपचूप कोमट पाण्यानं आंघोळ करून शाळेत दिवे लावायला निघून गेले.

लग्नाला दोन वर्षं झाली, बंबानं कधी तक्रार केली नव्हती. आता मात्र धूर फार करतो, आणि पाणी तापायला पूर्वीच्या दुप्पट वेळ घेतो. नाना असते तर एक कार्ड अमळनेरला टाकलं असतं. त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं, दुकानाला कुलूप आहे. आता बंबातलं कळणारं आपल्या घरात तूच एक. काय करू ते कळव.

भावोजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझी
सुमन

*

धुळे
२४ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. सुमनेस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांत तुझं हे तिसरं पत्र. पहिलं नाना आजारी पडल्याचं, दुसरं ते गेल्याचं, तिसरं बंब आजारी पडल्याचं. मी बरी आहे की नाही हे विचारायला तुला अजून कारण सापडलेलं दिसत नाही.

असो. बंबाचं सांगते. बंब म्हणजे काय, तर तांब्याच्या पिंपाच्या पोटात उभा नळा. नळ्यात विस्तव, नळ्याच्या भोवती पाणी. विस्तवाला खालून वारा लागतो, धूर वर जातो. वारा अडला की धूर. तेव्हा आधी बुडाची जाळी काढ आणि राख झाड. राख साचून जाळीची भोकं बुजली असतील. तू रोज राख काढत नसशील हे मला इथं बसून दिसतं. मग लांब काठीला गोणपाट गुंडाळून नळ्यातली काजळी वरून खाली उतरव. बंब भिंतीला चिकटवून ठेवला असशील तर वीतभर पुढे ओढ. जळण काय घालतेस? ओल्या पऱ्हाट्या घातल्यास तर धूरच मिळणार. कपाशीची काडी दोन महिने उन्हात वाळवलेली हवी. आणि एक कधीही विसरू नकोस, पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. कोरडा बंब पेटवला की सांधा वितळतो, मग देवही वाचवत नाही.

हे तुला कुणी सांगितलं नसेल. कसं सांगणार? आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची, मी अकराची. तुला मावशीनं रावेरला नेलं. तिथं पाटी-पेन्सिल, सातवीपर्यंत शाळा आणि घरची केळी. मला नानांनी ठेवून घेतलं, भाकरी थापायला आणि भाता ओढायला. सात वर्षं मी भाता ओढला. माझ्या मनगटावर सांधे जोडायच्या टाकणखाराचे चटके अजून आहेत. आणि बंब कुणाला, तर तुला. माझ्या लग्नात लढाई चालू, तांब्याचा पत्रा मिळेना. मला एक उजळलेलं जुनं तपेलं दिलं. "पुढे पाहू धुरपदा," असं म्हणाले होते. पुढे पाहिलं ते तुझ्या लग्नात.

माझ्याकडे पाणी आजही रॉकेलच्या डब्यात तापतं. तुझ्या भावोजींच्या नावापुढे तांबट लागतं खरं, पण ते गिरणीत हजेरी लिहितात. आमच्या घरात हातोडी निघते ती नारळ फोडायला.

धूर थांबला की कळव.

धुरपदाचे आशीर्वाद

*

पिंप्राळे
३ डिसेंबर १९५५

सौ. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू सांगितलंस ते सगळं केलं. राख रोज काढतेच गं, तरी पुन्हा काढली. काजळी उतरवली, ती टोपलंभर निघाली. बंब पुढे ओढला. काड्या गच्चीवर वाळलेल्या, मोडल्या की कडकन आवाज होतो.

दोन दिवस बरा चालला, मग पुन्हा तेच. पण आता तीन गोष्टी नवीन दिसल्या. एक, विस्तव मध्येच चुर्र करतो, भाजीला फोडणी दिल्यासारखा. दुसरी, सकाळी राख काढायला जावं तर ती ओली, हाताला चिखलासारखी लागते. आणि तिसरी, संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवलेलं पाणी सकाळी चार बोटं खाली गेलेलं असतं. तोटीखाली वाटी ठेवून पाहिली, वाटी कोरडी. मग पाणी जातं कुठे?

काल झुलाल तांबट दारावरून हाळी देत गेला. मी त्याला बोलावलं नाही. कारण सांगते. माझ्या पाठवणीच्या दिवशी बंब बैलगाडीत चढवताना नानांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, "याला काही झालं तर दुसऱ्या तांबटाच्या हातात देऊ नको. धुरपदाले इचार." तेवढंच म्हणाले. तेव्हापासून मी ते जपलंय.

आणखी एक बातमी. मला दिवस गेलेत. फाल्गुनात होईल असं सुईण म्हणते. सासूबाईंनी परवा विषय काढला, "पहिलं बाळंतपण मायेरले व्हस." अमळनेरला कुलूप, रावेरची मावशीही गेली. मी भांडी घासत राहिले.

तुझ्या उत्तराची वाट पाहते.

सुमन

*

धुळे
१२ डिसेंबर १९५५

चि. सौ. सुमनेस आशीर्वाद.

बातमी वाचली. जड उचलू नकोस, गुळाचं खा. बाळंतविड्याचं माझ्या ध्यानात आहे. माहेरची आठवण तू एवढी आडून करून दिलीस तरी मला कळतं. चोळी-बांगडी आणि डिंकाचे लाडू पाठवीन. मोठ्या बहिणीला सांगावं लागत नाही.

आता बंब. पाणी खाली जातं ते तोटीनंच. वाटी ठेवलीस तेव्हा थांबलं असेल, तोट्या लबाड असतात. तोटीची खुंटी काढ, बारीक राख आणि गोडेतेल लावून जागच्या जागी घासून फिरव, मेणाचं सूत गुंडाळ आणि परत बसव. राख ओली होते ती न्हाणीतल्या ओलीनं. पाणी तापत नाही याचं कारण क्षार. तुमच्या जळगावच्या विहिरींचं पाणी जड, नळ्यावर चुन्यासारखा थर धरतो. शेरभर चिंच कोळून बंबात भर, रात्रभर राहू दे, मग पाणी उकळून ओतून टाक. असं तीनदा कर. महिनाभरात फरक कळेल.

नानांनी तुला जे सांगितलं म्हणतेस, ते वाचून मी हसले. खरं सांगू? हसले नाही. हातातलं पत्र पोळपाटाखाली सारलं आणि चार पोळ्या करपवल्या. म्हणजे बंब सुमनचा आणि बंबाची दुखणी धुरपदाची! जिवंत होते तेव्हा भाता ओढायला मी, आता मेल्यावरही राबायला मीच. तुला वाटलं असेल नानांनी माझा मान ठेवला. मान ठेवायचा असता तर तो वेळेवर ठेवला असता.

तुला माहीत नाही म्हणून सांगते. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मी एकटीनं एक नळा ठोकला होता. असाच, बंबाचा. मी डावखुरी, नाना आधी माझ्या डाव्या हातावर चिमटा मारायचे, मग कंटाळून त्यांनी त्याच हातात हातोडी दिली. तेरा दिवस ठोकला. पत्रा कुठे फाटू दिला नाही. नाना जेवून आले, नळा उचलला, खालच्या काठावरून अंगठा फिरवला आणि भात्याच्या मागे कोपऱ्यात टाकून दिला. बरा म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही. तो नळा मोडीत गेला असणार. आणि दहा वर्षांनी तुझ्यासाठी अख्खा बंब, नक्षीची तोटी लावून! लग्नात आलेल्या बाया त्या बंबाला हात लावून पाहत होत्या. मी पण पाहत होते, पण लांबून. जवळ गेले असते तर रडले असते आणि लोक म्हणाले असते, बहिणीवर केवढी माया.

चिंच तीनदा. विसरू नकोस.

धुरपदाचे आशीर्वाद

*

पिंप्राळे
२७ डिसेंबर १९५५

सौ. अक्कास नमस्कार.

चिंच तीनदा झाली. तोटी घासली, ती आता लोण्यासारखी फिरते. पाणी रोज चार बोटं खाली जातंच. काल तर विस्तव निम्म्यातच विझला. सासूबाईंनी निकाल दिलाय. संक्रांतीपर्यंत वाट पाहणार, नंतर बंब मोडीत घालून दोन घागरी घेणार. "तुना बापनी आठवन घागरमा बी ऱ्हाई," असं म्हणतात. यांनी आईपुढे कधी तोंड उघडलं नाही, आताही उघडणार नाहीत.

बंबाचं झालं. आता माझं.

तू लिहिलंस ते वाचून मलाही राग आला, अक्का. मला राग येतो हे तुला ठाऊक नसेल. तुला वाटतं रावेरला मी केळी खात होते. वर्षातून एकदा, पोळ्याला, नाना मला भेटायला यायचे. ओसरीवर बसायचे, मावशीशी बोलायचे, माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं निघायचे. जाताना काय सांगायचे माहीत आहे? "घरी धुरपदा वाट पाहत असेल." दर वर्षी हेच. मी फाटकाशी उभी राहून ती धुरपदा कशी असेल याचा विचार करायची. तिचा मला एवढा राग यायचा की मी देवाला म्हणायची, तिला ताप येऊ दे, म्हणजे नाना मला घरी नेतील भाकरी करायला.

तुझ्या मनगटावरच्या चटक्यांचं तू लिहितेस. मला एक चटका मिळाला असता तरी चाललं असतं. नाना जेवताना आधी काय खायचे, चिडल्यावर काय म्हणायचे, झोपेत घोरायचे का, मला काहीच माहीत नाही. लोक सांत्वनाला आले तेव्हा नानांच्या गोष्टी सांगत होते आणि मी परक्याची गोष्ट ऐकावी तशी ऐकत होते. तू सात वर्षं त्यांच्या शेजारी बसलीस. मला बंब मिळाला. अदलाबदल करायची असेल तर सांग.

काही जास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाल.

सुमन

*

धुळे
२ जानेवारी १९५६

चि. सौ. सुमनेस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या भागाला मी आज उत्तर देत नाही. पहिल्या भागाला देते.

बंब माझ्याकडे पाठवून दे. तू लिहितेस त्यावरून बूड गेलेलं आहे. ते अख्खं बदलावं लागेल, आणि ते काम जळगावात कुणाला जमेल असं मला वाटत नाही. तुझा तो झुलाल तर हात लावेल आणि होतं तेही घालवेल. इथं धुळ्यात वना तांबट आहे, नानांच्या हाताखालचा. माझ्या देखत करील. वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. दोन महिने, चार महिने. नीट होईलच असंही वचन देत नाही.

सासूबाईंना सांग, बंब दुरुस्तीला गेला. डोळ्यांसमोर नसला की त्याही विसरतील.

जाळी आणि तोटी काढून वेगळ्या बांध. बंबाच्या पोटात जुनं लुगडं कोंब, म्हणजे दचके बसून पोचा येणार नाही. बाहेरून गोणपाट, वर सुतळी. एस. टी. च्या टपावर आडवा ठेवू नये, उभाच बांधावा. तुझ्या लीलाधररावांना म्हणावं, कंडक्टरवर सोडू नका, स्वतः बांधा.

धुरपदा

*

पिंप्राळे
९ जानेवारी १९५६

सौ. अक्कास नमस्कार.

बंब आज सकाळच्या धुळे गाडीनं पाठवला. यांनी स्वतः टपावर चढून उभा बांधला. पोटात माझं लग्नातलं हिरवं लुगडं आहे, जुनं दुसरं सापडलं नाही. पारोळ्याला गाडी थांबते तेव्हा एकदा गाठी पाहा, असं यांनी कंडक्टरला दोनदा सांगितलं.

न्हाणीत जिथे बंब होता तिथे गोल डाग राहिलाय. मी रोज तिथे पाणी तापवायला जाते आणि थांबते. सासूबाई चुलीवर तपेलं ठेवतात.

मिळाल्याचं कळव.

सुमन

*

पिंप्राळे
२२ जानेवारी १९५६

सौ. अक्कास नमस्कार.

तेरा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. बंब मिळाला ना? कंडक्टर म्हणतो, धुळ्याला एक बाई स्वतः हातगाडी घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी सही करून नेला. म्हणजे तूच असणार.

संक्रांत झाली. तिळगूळ सोबत पाठवते. फार गोड नाही झाला.

सुमन

*

धुळे
२९ जानेवारी १९५६

चि. सुमन,

आशीर्वाद नंतर. आधी जे लिहायला बसले ते लिहिते, नाहीतर पुन्हा पोळपाटाखाली जाईल.

बूड गेलं होतं हे खोटं. तुझं तीन डिसेंबरचं पत्र वाचलं त्याच क्षणी मला बिघाड कळला होता. विस्तव चुर्र करतो, राख ओली होते, पाणी खाली जातं आणि तोटी कोरडी. तांबटाच्या घरातली कुणीही सांगेल, नळ्याचा खालचा सांधा झिरपतोय. पाणी थेंबथेंब विस्तवावर पडतं, म्हणून धूर, म्हणून उशीर, म्हणून ओली राख. चारही दुखण्यांचं मूळ एक. कुणीही तांबट एका सकाळी धातू वितळवून सांध्याला डाख देऊन मोकळा झाला असता. मला हे माहीत असून मी तुला तोटी घासायला लावली आणि पोटुशीला तीनदा चिंचेचं पाणी उपसायला लावलं. का? मला तो बंब पाहिजे होता. तू कंटाळून, रडकुंडीला येऊन माझ्याकडे पाठवावा, आणि मग मी "नीट होत नाही गं" म्हणत वर्षानुवर्षं ठेवून घ्यावा, एवढाच माझा बेत होता. झालंही तसंच.

हातगाडी घेऊन मीच गेले होते. बंब आणला, चिंच-राखेनं घासला, असा की तोंड दिसावं. न्हाणीत ठेवला नाही, बाहेरच्या खोलीत ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या नानांनी केलेला." कुणासाठी केलेला ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पंधरा दिवस मी त्याच्यापाशी बसून भाजी निवडली. एवढी हौस फिटली तर समाधान वाटायला हवं होतं. पण तुझं ते हिरवं लुगडं मी धुऊन वाळत घातलं होतं, आणि येता-जाता ते डोळ्यांत खुपायचं. वर तुझं ते पोळ्याचं. नाना वर्षातून एकदा पोळ्याला रावेरला जायचे, आणि त्या दिवशी दुकानात एकटी बसून मी म्हणायची, गेले लाडकीकडे.

परवा तुझा तिळगूळ आला. खाल्ला आणि बंब उचलून वनाच्या दुकानात नेला. तुझ्या भावोजींना वाटलं, मी वेडी झाले.

वनानं बुडाची डाख सोडवली आणि नळा बाहेर काढला. उजेडाकडे धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग मला विचारतो, "अक्का, हाऊ नळा कोनी ठोका? डावखोऱ्या व्हता का तो?"

सुमन, उजव्या हाताच्या हातोडीचे ठोके एका अंगाला कलतात, डाव्या हाताचे दुसऱ्या. त्या नळ्यावर वरपासून खालपर्यंत सगळे ठोके दुसऱ्या अंगाचे. तो माझा नळा होता. भात्यामागे टाकलेला. नानांनी तो मोडीत घातला नव्हता. दहा वर्षं ठेवला आणि पत्रा मिळू लागल्यावर त्याच्याभोवती बंब केला. बाहेरचा सगळा नानांचा, आतला नळा माझा. तुझं पाणी दोन वर्षं माझ्या नळ्यावर तापत होतं आणि मी इथं जळत होते.

आता झिरपत कुठे होतं ते ऐक. सांध्यात नाही. सांधा नानांचा, तो जसाच्या तसा. नळ्याचा खालचा काठ मी ठोकताना पातळ केला होता, केसाएवढा. तिथंच बारीक भोक पडलं होतं. त्याच काठावरून नानांनी त्या दिवशी अंगठा फिरवला होता. नानांचा अंगठा चुकत नसे. त्यांना ते कळलं नसेल, असं मी मानणार नाही. "धुरपदाले इचार" असं ते का म्हणाले, तेही आता कळलं. माझ्या हातचं होतं, तर मलाच विचारायला हवं होतं. मी त्याचा अर्थ मोलकरणीसारखा लावला.

वना डाख द्यायला बसला तेव्हा मी म्हटलं, ऊठ. भर बाजारात, डोक्यावरचा पदर कमरेला खोचून, मी भट्टीपुढे बसले. तुझ्या भावोजींचे गिरणीतले दोन स्नेही रस्त्यावरून चालले होते, ते थांबले. थांबू देत. काठाला आतून पट्टी चढवली, टाकणखार लावला, डाव्या हातानं डाख दिली. अकरा वर्षांनी दिली तरी हात विसरला नव्हता. मनगटावर एक नवा चटका आला. तो तुझ्या नावाचा समज. काल रात्रभर बंब भरून ठेवला, पाणी केसभर हललं नाही. आज पेटवला, धूर सरळ वर गेला.

आता शेवटचं. बंब मी परत पाठवत नाही.

सासूबाईंना सांग, पहिलं बाळंतपण माहेरी होतं हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे, आणि सुमनचं माहेर धुळ्याला आहे. तू दोन महिन्यांपूर्वी तेच विचारत होतीस आणि मी तुला चोळी-बांगडी दाखवली. लाज वाटते. बाळंतिणीच्या न्हाणीला बंब लागतो, तो इथं तयार आहे. घरी कोळसा भरलाय. बाळ सव्वा महिन्याचं झालं की बाळ, तू आणि बंब, तिघं एकाच गाडीनं जळगावला जा.

एस. टी. नं येऊ नकोस, दचके बसतात. आगगाडीनं ये. चाळीसगावला गाडी बदलावी लागते, तिथं मी फलाटावर उभी राहीन. तुला ओळखायला मला वेळ लागला तर रागावू नकोस. तू रावेरला गेल्यापासून आपण दोघी मोजून सहा वेळा भेटलोय.

नाना जेवताना आधी काय खायचे, ते इथं आलीस की सांगेन. घोरायचेही. ते करून दाखवीन.

तुझी
अक्का

*

पिंप्राळे
३ फेब्रुवारी १९५६

प्रिय अक्का,

बुधवारी सकाळच्या गाडीनं निघते. हे चाळीसगावपर्यंत सोडायला येतील. तुझं पत्र यांनी सासूबाईंना वाचून दाखवलं. बाजारात भट्टीपुढे बसल्याचं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आशी बहीन मालेबी पाहिजे व्हती." आणि डिंक काढून दिला.

तू सगळं खरं लिहिलंस, तर मीही लिहिते, म्हणजे बुधवारी तोंड लपवायला नको.

झुलाल तांबटाला मी बोलावलं नाही म्हणून लिहिलं होतं, ते खोटं. दिवाळी झाल्याबरोबर बोलावलं होतं. त्यानं नळ्यात हात घालून पाहिलं आणि म्हणाला, खालून झिरपतोय, दुपारपर्यंत करून देतो. बिघाड मला तुझ्या पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होता. मी त्याला चहा देऊन परत पाठवलं.

बंब दुपारपर्यंत नीट झाला असता, तर मग मी तुला काय म्हणून लिहिलं असतं? तूच म्हणालीस, तू बरी आहेस की नाही हे विचारायला मला कारण सापडत नाही. कारण सापडलं होतं, ते मी दोन महिने धूर खाऊन जपलं. चिंचेचं पाणीही मी फुकट उपसलं, ते माहीत असूनच. तुझं पत्र मोठं येत होतं ना. तुझ्या रागातसुद्धा दुकान असायचं, भाता असायचा, नानांचा अंगठा असायचा. तेवढं मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

आणि बंब पाठव म्हणालीस तेव्हा तुझा बेत मला कळला होता. तरी पाठवला. वाटलं, तो आधी जाऊन बसला, की मागून कधीतरी मलाही बोलावशील.

हिरवं लुगडं परत आणू नकोस स्टेशनवर. तेच नेसून उभी राहा. त्यावरून मी तुला ओळखीन.

तुझी
सुमन